कॅमेरा बेंबीपाशी की गच्चीवर? : १९२० च्या दशकातले रस्त्यांचे तिरपे फोटो

तिरपागडा (धागाकर्ता)

मंडळी,

पुतणीची एलिमेंटरीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून रविवारी तिला स्मरणचित्राचा सराव करायला बसवलं होतं. विषय नेहमीचाच, बाजार. तिने कागदाच्या मध्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि भाजीवाली, गिऱ्हाईक, हमाल, पोलीस अशी सगळी डोकी त्या रेघेवर ओळीने बसवली. दोरीवर वाळत घातलेल्या टोप्यांसारखी. मी म्हटलं, "अगं, हाच बाजार दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसतो तसा काढ की." तर म्हणते, "काका, मार्क जातील."

याच कारणाने मॉस्कोत एका माणसाचे मार्क गेले होते. नुसते मार्क जाऊन भागलं नाही, पुढे बरंच काही गेलं. त्याच्याबद्दल आणि त्याच्या आगेमागे असले उद्योग करणाऱ्यांबद्दल हा धागा. (फोटो इथे डकवत नाही, हक्कांची भानगड असते. नावं देतोय, शोधलीत तर सगळे सापडतील.)

अलेक्झांडर रोदचेन्को, जन्म १८९१, मूळचा चित्रकार. १९२१ साली त्याने तीन कॅनव्हास मांडले. एक पूर्ण लाल, एक पूर्ण पिवळा, एक पूर्ण निळा. चित्रकला इथे संपली, असा त्याचा दावा. आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर रंगकाम अर्धवट टाकून पळाला म्हणाले असते. पुढे पोस्टर, जाहिराती, फर्निचर असं सगळं करत १९२४ च्या सुमारास तो कॅमेऱ्याकडे वळला. सुरुवातीला आईचा फोटो, कवी मायाकोव्हस्कीचे फोटो. ते समोरासमोर, सरळ आणि जबरदस्त आहेत. म्हणजे सरळ फोटो येत नव्हता म्हणून वाकडा काढला, असं म्हणायची सोय नाही.

मग १९२५. मॉस्कोतल्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या ज्या इमारतीत तो राहायचा, तिच्याच पायथ्याशी उभं राहून त्याने मान आणि कॅमेरा दोन्ही सरळ वर केले. बाल्कन्यांची रांग एकीवर एक चढत जाते आणि वर जाऊन निमुळती होते. दुसऱ्या एका फोटोत आग लागली तर उतरायची लोखंडी शिडी आहे आणि तिच्यावर माणूस चढतोय. आपण त्याच्या बरोब्बर खाली. रोज ज्या भिंतीजवळून जायचं ती भिंत एकदम रस्त्यासारखी दिसायला लागते, उभी टांगलेली. माणूस चढतोय की सरपटतोय हे कळायला अर्धा क्षण जातो. तो अर्धा क्षण हीच सगळी गंमत आहे, निदान माझ्यासाठी.

१९२८ मध्ये 'नोवी लेफ' या मासिकात त्याने या प्रकाराची बाजू मांडली. त्याचं म्हणणं असं की शेकडो वर्षं चित्रकारांनी जग एकाच उंचीवरून दाखवलं आणि फोटोवाले तेच गिरवत बसले. पोटाशी कॅमेरा धरायचा आणि खटका दाबायचा. या सगळ्याला त्याने नाव दिलं 'बेंबीवरून' काढलेले फोटो. आजचं शहर पाहायचं तर वरून खाली किंवा खालून वर बघा, बेंबी सोडून कुठूनही बघा.

त्याच वादात त्याने आयफेल टॉवरचा किस्सा सांगितलाय. १९२५ मध्ये प्रदर्शनाच्या कामासाठी तो पॅरिसला गेला होता. टॉवर लांबून पाहिला, अजिबात आवडला नाही. नंतर एकदा बस टॉवरच्या अगदी जवळून गेली आणि खिडकीतून लोखंडाच्या रेघा डावी-उजवीकडून वर निघून जाताना दिसल्या. तेव्हा त्याला त्या सांगाड्याचं वजन आणि बांधणी कळली. लांबून दिसतो तो पोस्टकार्डावरचा गोडगोड टॉवर.

हे खूळ एकट्या मॉस्कोला लागलं नव्हतं. बर्लिनचा रेडिओ टॉवर १९२६ मध्ये खुला झाला आणि १९२८ मध्ये मोहोली-नाज हा हंगेरियन कलाकार त्यावर चढून सरळ खाली बघत होता. बर्फाने भरलेलं आवार, साफ केलेल्या वाटांचे काळे पट्टे, एक मोठा गोल. क्षितिज नाही, आकाश नाही. पॅरिसमध्ये केर्तेस या फोटोग्राफरने १९२९ मध्ये आयफेल टॉवरवरून टॉवरचा फोटो काढायचं सोडून खाली पडलेल्या त्याच्या जाळीदार सावलीचा काढला. सावलीत वावरणारी माणसं तिळाएवढी.

तर बोला. हा चमत्कृतीचा हव्यास होता की खरंच काही वेगळं दिसत होतं? मला वाटतं दिसत होतं. पण खात्री म्हणाल तर सत्तर टक्के.

---

चहाटळ

पैला!

आमच्या लग्नातला फोटोग्राफर रोदचेन्कोचा पट्टशिष्य असणार. सप्तपदीचे सातही फोटो पंचेचाळीस अंशात. सासूबाई अजून विचारतात, मांडव कलला होता का म्हणून.

---

सुतळी

छान धागा, तिरपागडा. पेशाने आर्किटेक्ट असल्यामुळे इथे नाक खुपसणं भाग आहे.

आमच्याकडे इमारतीच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकल्या की फोटो परत पाठवतात. हे झुकणं होतं कसं? कॅमेऱ्यातली फिल्म किंवा सेन्सर भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्या राहतात. कॅमेरा वर उचललात की फिल्म तिरकी होते, इमारतीचा माथा फिल्मपासून लांब आणि पाया जवळ. लांबचं लहान दिसणार, म्हणून रेषा वर एकवटतात. म्हणूनच इमारतींचे फोटो काढणारे जुने लोक भात्याचा कॅमेरा वापरायचे. कॅमेरा सरळच ठेवायचा आणि पुढची लेन्सची पाटी तेवढी वर सरकवायची. माथाही फ्रेममध्ये येतो आणि भिंतही पडत नाही. हल्ली फोनमध्ये एक पट्टी ओढली की तेच होतं.

गंमत अशी की यथार्थदर्शनाच्या नियमाने वाकडा फोटोच बरोबर असतो. आडव्या रेषा लांब जाताना एकवटलेल्या आपल्याला चालतात, रेल्वेच्या रुळांचा फोटो बघून कोणी तक्रार करत नाही. मग उभ्या रेषांनी काय घोडं मारलंय? डोळ्यालाही त्या एकवटलेल्याच दिसतात, मेंदू सरळ करून घेतो. रोदचेन्कोने मेंदूची ती इस्त्री काढून घेतली, एवढंच.

तरी व्यवसायात मी पट्टी ओढणारच. क्लायंटला पडकी इमारत दाखवून कसं चालेल.

---

जुनी_पेठ

लेखन आवडलं, पण 'खूळ १९२० चं' हे काही पटलं नाही. उंचावरून रस्ता बघणं हे फोटोग्राफीच्या जन्माइतकं जुनं आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरचा १८३८ चा पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपलचा फोटो बघा. वरच्या खिडकीतून काढलाय. प्लेटवर प्रकाश काही मिनिटं पडू द्यावा लागायचा, त्यामुळे धावत्या गाड्या, चालती माणसं सगळी पुसली गेली. डाव्या कोपऱ्यात बुटाला पॉलिश करून घेणारा एक जण तेवढा जागचा हलला नाही, म्हणून उमटला. रस्त्यावरच्या माणसाचा सर्वांत जुना फोटो बहुतेक हाच, आणि तोही उंचावरूनच.

चित्रकारही मागे नव्हते. काइबोतचं १८८० चं चित्र आहे, रस्ता थेट वरून पाहिलेला. झाडाभोवतीची गोल जाळी, बाक आणि एखाददुसरा माणूस. पिसारोने १८९७ मध्ये हॉटेलच्या खोलीत बसून बुलेव्हार मोंमार्त्र पुन्हा पुन्हा रंगवला. न्यूयॉर्कमध्ये ॲल्विन लँग्डन कोबर्नने मेट्रोपॉलिटन लाइफच्या टॉवरवरून मॅडिसन स्क्वेअरचा फोटो काढला. बर्फातल्या वाटा अशा फाकल्यात की फोटोचं नावच 'ऑक्टोपस'. १९१३ मध्ये लंडनला त्याने न्यूयॉर्कच्या शिखरांवरून काढलेले असले फोटो प्रदर्शनात मांडले होते. हे सगळं रोदचेन्कोने कॅमेरा हातात घेण्याच्या कितीतरी आधी.

मग नवीन काय?

---

तिरपागडा

जुनी_पेठ, वर्मावर बोट ठेवलंत. दागेरचा फोटो मी मुद्दाम वगळला होता हे कबूल करतो, कारण माझं गणित बिघडत होतं. :)

आता बचाव. दागेर वर होता कारण त्याचं काम वरच्या मजल्यावर चालायचं आणि तेवढा जड सरंजाम खिडकीशी मांडणं सोपं. पिसारोही हॉटेलात बसून रंगवत होता. दोघांच्या चित्रात रस्ता लांब जातो, इमारती दोन्ही बाजूंना नीट उभ्या आहेत आणि वर आकाश आहे. आपण कुठे उभे आहोत हे आपल्याला पहिल्या नजरेत कळतं. थोडक्यात, सज्जात उभं राहून मिरवणूक बघणं.

मोहोली-नाजच्या फोटोत सज्जाच गायब आहे. जमीन समोर भिंतीसारखी उभी राहते. वर कुठे, खाली कुठे, हे फोटो सांगत नाही. कोबर्नचा 'ऑक्टोपस' याच्या अगदी जवळ येतो आणि काइबोतही, ते मान्य. पण कोबर्नचा फोटो मऊ, धुकट आहे, बर्फातल्या संध्याकाळच्या कवितेसारखा. १९२० नंतरच्यांनी कविता काढून टाकली आणि नकाशा ठेवला.

मधला दुवा म्हणजे पॉल स्ट्रँड. १९१५ चा त्याचा वॉल स्ट्रीटचा फोटो. मॉर्गन बँकेच्या इमारतीच्या प्रचंड काळ्या खिडक्या आणि त्यांच्या खालून सकाळच्या उन्हात लांब सावल्या ओढत जाणारी कामावरची माणसं. कोन फार उंचही नाही, जरासा वरून. पण त्या खिडक्यांना काच आहे असं वाटतच नाही, भिंतीला पाडलेली भुयारं वाटतात. माणसांपेक्षा भोकं मोठी. बघून पोटात गोळा येतो.

---

अंधारखोली

धागा बघून राहवलं नाही. आयुष्याची तीस वर्षं लाल दिव्याखाली हायपोचा वास घेत काढली, म्हणून थोडं सांगतो.

हे सगळं लायकामुळे झालं असं सर्रास लिहिलेलं असतं. ओस्कार बारनाकने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर २४ बाय ३६ ची फ्रेम घेणारा छोटा कॅमेरा बनवला, १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो बाजारात आला. तिवई नाही, काचेच्या प्लेटा नाहीत, खिशात टाकला की झालं. आणि तो डोळ्याला लावायचा. त्याआधीच्या खोक्याच्या कॅमेऱ्यात वरून डोकावून बघायचं, म्हणून तो पोटाशीच धरावा लागायचा. रोदचेन्कोची 'बेंबी' ही नुसती शिवी नाही, कॅमेरा धरायची खरीखुरी जागा आहे ती.

आता माझी रड. १९८२ साल. दादरच्या पुलावरून खाली फुलबाजाराकडे बघत होतो. सकाळचे सहा वाजले असतील. हमालांच्या डोक्यावर झेंडूच्या पाट्या. थेट वरून फक्त पाट्याच दिसतात, पिवळे गोल आणि त्यांच्या खालून मागेपुढे निघणारे पाय. माणूस नाहीच. कृष्णधवल रोल होता, तरी झेंडू ओळखू येत होता. प्रिंट काढली बारा बाय पंधरा, आणि एका छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेला पाठवली. परीक्षक म्हणाले, "चेहरा कुठाय? माणसाचा फोटो आहे तर माणूस दाखवा." पहिलं बक्षीस तोंडावर सुरकुत्या असलेल्या म्हाताऱ्याला मिळालं. त्या काळात सगळी बक्षिसं सुरकुत्यांनाच मिळायची.

तेव्हा रोदचेन्को माहीत नव्हता. असता तर भांडलो असतो.

---

मोरआवळा

अंधारखोली काका, तो फोटो आहे का अजून? टाका ना इथे!

---

तिरपागडा

काका, पाटीखालून निघणारे पाय! हा फोटो बघायचाच आहे.

लायकाबद्दल एक पुरवणी. रोदचेन्कोकडे लायका आला १९२८ मध्ये. म्हणजे बाल्कन्या, शिडी, पुश्किनोच्या पाइन झाडांचे खालून काढलेले १९२७ चे फोटो, हे सगळं लायकाच्या आधीचं. जुन्या कॅमेऱ्यांनी, मान मोडून काढलेलं. त्यामुळे कॅमेरा लहान झाला म्हणून नजर बदलली, हे निदान त्याच्या बाबतीत उलटं आहे. नजर आधी बदलली, सोयीचं हत्यार मागून आलं. लायका आल्यावर त्याने आणखी एक केलं, कॅमेरा बाजूला कलवून तिरका धरला. १९३० चा 'पायऱ्या' हा फोटो बघा. कडेवर मूल घेतलेली बाई पायऱ्या चढतेय आणि पायऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या फ्रेमला कोपऱ्यातून कोपऱ्यात कापत जातात. बाई चढतेय की पट्ट्यांचा पूर पोहून जातेय कोण जाणे.

आणि तुमच्या परीक्षकांचे मॉस्कोत सख्खे भाऊ होते. १९३० मध्ये त्याने पायोनियर मुलामुलींचे (आपल्याकडच्या बालवीरांसारखे म्हणा) जवळून, खालून फोटो काढले. हनुवटी पुढे, गाल मोठे, डोळे वर. टीका काय झाली? पायोनियर मुलगी वर का बघतेय? तिने पुढे बघायला हवं! भविष्य पुढे असतं, वर नसतं.

---

चहाटळ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

(भविष्य नक्की कुठे असतं यावर लिहिलं होतं. घरातून दबाव आला.)

---

मोरआवळा

मी कुठेतरी वाचलंय की रोदचेन्कोवर चोरीचा आरोप झाला होता. खरं का? की तेही राजकारणच?

---

तिरपागडा

खरं आहे. १९२८ मध्ये 'सोव्हिएत्स्कोये फोतो' मासिकात एक निनावी पत्र छापून आलं. रोदचेन्कोचे फोटो आणि परदेशी लोकांचे फोटो शेजारीशेजारी लावलेले. त्याची पाइनची झाडं आणि रेंगर-पाच या जर्मनाचं कारखान्याचं धुराडं. त्याच्या बाल्कन्या आणि मोहोली-नाजच्या बाल्कन्या. मथितार्थ असा की बघा, नक्कल. रोदचेन्कोने 'नोवी लेफ'मधून उत्तर दिलं.

माझ्या मते आरोप पोकळ आहे. म्यास्नित्स्कायाच्या बाल्कन्या १९२५ च्या, मोहोली-नाजच्या देसाऊच्या बाउहाउसच्या (जर्मनीतली कलाशाळा) बाल्कन्या साधारण त्यानंतरच्या. शिवाय खालून वर पाहिलेल्या उंच वस्तू सारख्या दिसणारच. विहिरीत डोकावणाऱ्या सगळ्यांना गोलच दिसतो. पण पत्राचा रोख चोरीवर नव्हताच. पाश्चात्त्यांसारखा दिसतोय, हे सांगायचं होतं. त्या दिवसांत हे चोरीपेक्षा वाईट. पुढे 'फॉर्मॅलिझम'चा शिक्का बसला, म्हणजे आशय नाही, नुसती आकारांची चूष. 'ऑक्टोबर' नावाच्या ज्या गटात तो होता, त्यानेही त्याला काढून टाकलं.

---

कडूलिंब

बराच वेळ वाचत होतो, आता लिहितो.

बिचारा रोदचेन्को, बंडखोर कोन, खडूस परीक्षक, अशी गोष्ट चाललीय. पुढचं पान उलटा. १९३३. श्वेत समुद्र ते बाल्टिक कालवा. २२७ किलोमीटर, वीस महिन्यांच्या आसपास खोदला, आणि खोदणारे लाखाच्या वर कैदी. हातांनी, कुदळीने, लाकडी हातगाड्यांनी, थंडीत. हजारोंनी मेले. तिथे सरकारतर्फे फोटो काढायला कोण गेला? रोदचेन्को. त्याच्या फोटोंचा अंक 'यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन' मासिकाने डिसेंबर १९३३ मध्ये काढला, मांडणीही त्याचीच.

त्यातला एक फोटो आहे. कालव्याच्या खड्ड्यात कैदी काम करताहेत आणि बाजूला बँड वाजवणारे बसलेत. उंचावरून, झकास तिरपा. दगड, फळ्या, माणसं यांची नक्षी तुमच्या बाल्कन्यांइतकीच सुंदर. बँडवाल्यांमुळे तर उत्सवच वाटतो.

तिरपागडा, तुम्ही म्हणता कविता काढली आणि नकाशा ठेवला. नकाशात माणूस कुठे मरतो ते दिसत नाही. उंचावरून हाडं दिसत नाहीत, भूक दिसत नाही. बेंबीवरून काढले असते फोटो, समोर उभं राहून, तर चेहरे दिसले असते. अंधारखोलींचे परीक्षक चुकीच्या फोटोला बोलले असतील, पण 'चेहरा कुठाय' हा प्रश्न चुकीचा नाही.

---

सुतळी

बाप रे. हे माहीत नव्हतं.

---

जुनी_पेठ

कडूलिंब, सहमत आणि असहमतही. त्या अंकात जवळून काढलेले चेहरेही आहेत, हसरे. काम करून सुधारलेले गुन्हेगार म्हणून दाखवलेले. म्हणजे खोटं बोलायला उंची लागत नाही. बेंबीच्या उंचीवरूनही तितकंच खोटं बोलता येतं.

दुसरं, तो ज्या कोंडीत होता तीही बघा. दोनतीन वर्षं फॉर्मॅलिस्ट म्हणून झोडपलं गेलेलं, काम मिळेना. कालव्याचं काम म्हणजे नाव धुऊन घ्यायची संधी. याने त्याचं पाप कमी होत नाही. पण कोनाच्या माथी सगळं मारून तो सुटतो आणि आपणही सुटतो.

---

कडूलिंब

जुनी_पेठ, हसऱ्या चेहऱ्यांचा मुद्दा मान्य. तरी माझा आक्षेप उरतोच. वरून बघितलं की माणूस आकार होतो. तो कालव्यावर आकार होतो आणि म्यास्नित्स्कायावरही होतो. फरक इतकाच की म्यास्नित्स्कायावर त्याची किंमत कोणी चुकवत नव्हतं.

---

तिरपागडा

कडूलिंब, कालव्याचा भाग मी लिहायला हवा होता. टाळलं नाही, पण 'पुढच्या भागात बघू' म्हणत ढकललं. म्हणजे टाळलंच.

दोन दिवस विचार करतोय. एक तपशील मला अडकवतो. शिडीवाल्या फोटोत आपण त्या माणसाच्या पायाखाली आहोत. तो वर चाललाय, आपण खाली, पडला तर आपल्या अंगावर. तिथे बघणाऱ्याला धोका आहे. कालव्याच्या फोटोत बघणारा काठावर सुरक्षित उभा आहे, पहारेकरी उभा राहील त्याच जागी. दोन्ही कोन 'बेंबी सोडून' आहेत. पण उभं राहायची जागा एक नाही. मी आतापर्यंत कोन मोजत होतो, जागा मोजली नव्हती.

केर्तेसकडे उंचीवरूनही माणूस आकार होत नाही असं मला वाटतं, आणि का ते नीट सांगता येत नाही. आयफेलच्या सावलीतली ती तिळाएवढी माणसं कामाला जुंपलेली नाहीत, ती आपापल्या वाटेने भटकताहेत. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर १९५२ पासून तो वॉशिंग्टन स्क्वेअरशेजारी बाराव्या मजल्यावर राहिला. १९५४ मध्ये बर्फ पडल्यावर खिडकीतून फोटो काढला, झाडांच्या काळ्या फांद्या, कुंपण आणि एकटाच चालणारा माणूस. उंची कोबर्नसारखी, पण त्या माणसाला थंडी वाजतेय हे कळतं.

---

अंधारखोली

या वादात एक म्हातारा आणतो. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ. १९३२ चा त्याचा फ्रान्समधल्या इयेर गावचा फोटो सगळ्यांना माहीत असतो, वरून दिसणारा गोल जिना आणि खालून सायकलवाला सर्रकन निघून जातो. इतका उत्तम 'वरून खाली' फोटो दुसऱ्या कोणाचा असेल तर दाखवा. आणि हाच माणूस १९५२ मध्ये लिहितो की कोन फक्त भूमितीचे असतात, पोटावर पालथं पडून फोटोग्राफर जे कोन बनवतात ते खरे नव्हेत. स्वतः जिन्याच्या वर उभं राहून झाल्यावर!

पण त्याचं म्हणणं समजतं. तो जिन्याच्या वर होता, कारण रचना तिथून लागत होती. वर चढलो म्हणून फोटो झाला असं नव्हे.

---

मोरआवळा

आपल्याकडे त्या काळात कोणी होतं का असं काही करणारं? की सगळे सुरकुत्याच काढत होते?

---

जुनी_पेठ

मोरआवळा, रोदचेन्कोछाप तिरपेपणा शोधाल तर फारसा सापडणार नाही. आपल्याकडच्या फोटो मंडळांवर मऊ, चित्रासारख्या फोटोंचा पगडा होता. पण होमाई व्यारावाला बघा. जेजेत शिकलेल्या, १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या मुंबईचे त्यांचे फोटो ताठ, कडक आहेत. त्या रोलायफ्लेक्स वापरायच्या, म्हणजे पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा. रोदचेन्कोच्या हिशेबाने शंभर टक्के बेंबी, आणि तरी फोटो पोस्टकार्डी नाहीत.

दुसरा दुवा जरा आडवाटेचा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा छायालेखक योसेफ व्हिर्शिंग, म्युनिकहून आलेला. सेटवर आणि बाहेर त्याने लायकाने बरेच फोटो काढले. २०१७ मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांचं प्रदर्शन होतं. जर्मन सिनेमातली प्रकाश-सावली मालाडपर्यंत आली ती अशी माणसांबरोबर.

---

सुतळी

जाता जाता, उम्बो या फोटोग्राफरचं नाव कोणी घेतलं नाही. बाउहाउसमध्ये शिकलेला, बर्लिनचा. १९२८ मध्ये त्याने खिडकीतून रस्त्याचा थेट वरून फोटो काढला, ऊन तिरपं, सावल्या लांबच लांब. आणि मग प्रिंट उलटी धरली! त्यामुळे सावल्या उभ्या माणसांसारख्या चालताना दिसतात आणि खरी माणसं त्यांच्या पायाशी चिकटलेल्या काळ्या गाठोड्यांसारखी. कोन काढताना निम्मा आणि टांगताना निम्मा.

कालच ऑफिसच्या सातव्या मजल्यावरून संध्याकाळी पाचला पार्किंगचा फोटो काढून उलटा करून बघितला. वॉचमनची सावली छान डौलात फेऱ्या मारत होती. वॉचमनने नंतर वर येऊन विचारलं, काय चाललंय म्हणून. त्याला दाखवला. म्हणाला, "साहेब, उलटा धरलाय."

---

चहाटळ

पुतणीचं काय झालं ते सांगा आधी. मार्क गेले का?

---

तिरपागडा

परीक्षा अजून व्हायचीय. तिने घरी माझ्यासाठी एक बाजार वरून काढला. भाजीवालीच्या डोक्याचा भांग, टोपल्यांचे गोल, पोलिसाच्या टोपीचा माथा. कुत्रा मात्र बाजूने काढलाय, कारण "वरून कुत्रा कळत नाही." परीक्षेत रेघच मारणार म्हणाली. मी काही बोललो नाही.

---

अंधारखोली

मोरआवळा, तुझ्यासाठी माळा उपसला. निगेटिव्ह गेली, बुरशीने खाल्ली. प्रिंट मिळाली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पेपराखाली अंथरलेली. कोपरा दुमडलाय, बाकी ठीक. फुलबाजाराची तीच.

स्कॅन करायला घेतली आणि अडलो. वरची बाजू कुठली? पाट्या गोल, चारी बाजूंनी सारख्या. पाय काही इकडे निघालेत, काही तिकडे. ऊन नव्हतं, सावली नाही. मीच काढलेला फोटो, मीच धुतलेली प्रिंट, आणि चारदा फिरवून बघितली तरी ठरेना. मागे स्पर्धेचा शिक्का सापडला, पण तो आडवा मारलाय. त्याच्या बाजूला आमच्या हिच्या अक्षरात डाळ-तांदळाचा हिशेब.

शेवटी दोन्ही बाजूंनी स्कॅन केलाय. वर टाकतो. हिच्या मते दुसरा सुलटा आहे.

---

मोरआवळा

पहिला सुलटा आहे काका!! डावीकडे खाली बघा, एका पाटीच्या कडेतून विडी धरलेला हात बाहेर आलाय.

---

सुतळी

दुसरा.